बिनमटणाचा स्ट्यू

शनिवार, ७ मार्च १९९२

सासूबाईंनी आज स्ट्यू मागितला. माझ्याकडे! बीफचा, बटाटे-गाजर घालून, दाट. "तुझ्या हातचा चालंल," म्हणाल्या.

बावीस वर्षांत पहिल्यांदा.

न्यूमोनियातून उठल्यात. गुरुवारी हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे मीरा रोडला आणलं, उत्तनच्या घरी एकट्या कशा ठेवणार? वजन अडतीस किलो. डॉक्टर म्हणाले, पोटभर द्या, ताकदीचं द्या, मागतील ते द्या. मासळीचा वास आला की उलटी होते. अंडं तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. आणि नेमका उपासकाळ लागलाय. चर्चचा नियम राखेच्या बुधवारचा आणि शुक्रवारांचा, एवढाच. पण या घरात ईस्टरपर्यंत मांस शिजत नाही. तो नियम सासूबाईंचा, त्यांच्या सासूकडून आलेला. देवाला दिलेला शब्द आहे म्हणतात. ईस्टर १९ एप्रिलला.

त्यांची त्यांनाच धाकधूक. "शब्द मोडल्याचं पाप नको. फादरला इचार. हो म्हनाले तर कर."

उद्या मिस्सा झाल्यावर विचारते.

रविवार, ८ मार्च

विचारलं नाही.

फादर दारातच उभे होते. "एव्हलिन, सासूबाई कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. संपलं. मागे गर्दी होती म्हणून राहून गेलं, असं इथे लिहिणार होते. गर्दी नव्हती.

घरी आले तर उशीला टेकून बसलेल्या. नातीकडून, ॲमंडाकडून, केस विंचरून घेतले होते.

"काय म्हनाले फादर?"

"नको म्हणाले."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आजाऱ्याला उपास नसतो. हे मी दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात चौथीच्या मुलांना शिकवते. फळ्यावर लिहून देते!

सोमवार, ९ मार्च

पेज. दोन चमचे घेतली. आईने किती घेतली, फ्रँकने विचारलं. चार सांगितले.

गुरुवार, १२ मार्च

फ्रँकशी वाजलं. "आजारी माणसाला कसला उपास? आईची हाडं दिसायला लागलीत. मी बोलतो फादरशी."

"म्हणजे मी खोटं सांगते?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग जा ना. जा, विचार. बायकोवर विश्वास नाही म्हणून आलोय, असं सांग."

गेला नाही. फादरसमोर त्याला घाम फुटतो, लहानपणापासून. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी म्हटलं.

वॉरेन मधेच, "आजीच्या शब्दासाठी आम्ही का उपाशी? मी खाली बेकरीत जाऊन खिमा-पाव खाणार." बारावीची परीक्षा चालू आहे, त्याला काही बोलले नाही.

लिहूनच टाकते. १९७० चा ईस्टर. लग्नाला पाच महिने झाले होते. उत्तनला अंगणात मांडव, पंधरा-वीस पाहुणे. स्ट्यू मी केला होता, हौसेने, पहाटेपासून. सासूबाईंनी पळीभर चाखला. पातेलं उचललं आणि कुत्र्यापुढे ओतलं. कुत्रा खायला लागला. "बगा, कोनाला तरी आवडला!" सगळे हसले. फ्रँकसुद्धा. तेव्हापासून ईस्टरचा स्ट्यू त्यांचा. माझ्याकडे कांदे चिरायचं काम.

मग हा सूड आहे का? विचार करून पाहिला. सूड म्हटलं तर बरं वाटायला हवं. वाटतं का?

हो. थोडं. दुपारी चारच्या सुमारास, त्या स्वयंपाकघराकडे मान वळवून हुंगतात तेव्हा.

रविवार, १५ मार्च

आज बिनमटणाचा स्ट्यू केला. "निदान चव तरी येईल तोंडाला," असं फ्रँकला म्हटलं. तो खूश झाला.

तेलात कांदा, दालचिनी, मिरी. मग बटाटे, गाजर, मटार. आपला घरचा बाटली मसाला, दोन चमचे. शेवटी पाण्यात कालवलेलं पीठ आणि व्हिनेगरचा चमचा. मांस सोडून सगळं. घरभर तोच वास!

सासूबाई उठून बसल्या. स्वतःच्या हाताने वाटी धरली. आठवड्यात पहिल्यांदा. मग चमच्याने ढवळत राहिल्या. बटाटा. गाजर. बटाटा.

"मटन तळाला हाय का?"

"नाही, आई. फादर नको म्हणालेत ना."

वाटी परत दिली. रस खाली चादरीवर सांडला थोडा. मी चादर बदलली, त्यांना पुसलं, पावडर लावली. माझ्या सेवेत कोणी खोट काढू शकणार नाही.

सोमवार, १६ मार्च

तो वास मुद्दाम केला. काल तसं लिहिलं नाही, आज लिहिते.

बुधवार, २५ मार्च

छत्तीस किलो. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, असंच चाललं तर ईस्टर दिसायचा नाही त्यांना."

घाबरले. शाळेतून परस्पर बाजारात गेले, अर्धा किलो बीफ घेतलं, चरबीचं, नळीसकट. ठरवलं होतं, सांगायचं की फादरनी आज परवानगी दिली. रिक्षात बसून वाक्यसुद्धा जुळवलं.

दार उघडंच होतं. आत समोरच्या फ्लॅटमधली नीलम बसलेली, सासूबाईंचे पाय चेपत. त्या तिला सांगत होत्या, "आजार न्हाय गं मला. सुनेच्या हाताला चवच न्हाय. बावीस वर्सं झाली. त्यानं वजन उतरलं." नीलम हसत होती. मला बघितल्यावर थांबली.

मी पिशवी घेऊन उलट्या पावली खाली गेले. तळमजल्यावरच्या डिसोझांना देऊन टाकली. ते शुक्रवारच पाळतात. त्यांनी लगेच शिजायला टाकलं. पाच वाजता वास वर आला.

"कोनाकडं शिजतंय गं?"

"काय माहीत, आई."

खिडकी लावता आली असती. लावली नाही.

शनिवार, २८ मार्च

आता रोजचं झालंय. संध्याकाळी साडेसहाला मी शाळेच्या वह्या ठेवल्या की, "फादरला परत इचारलं का?" मी हो म्हणते. नुसतं हो पुरत नाही. "मग काय म्हनाले?" म्हणून रोज काहीतरी रचावं लागतं. आज फादर म्हणाले की भूक ही देवाला द्यायची भेट आहे. काल म्हणाले की आता फक्त तीन आठवडे राहिले, धीर धरा. फादरचा आवाज काढायला लागलेय मी! ते वाक्याच्या शेवटी "काय?" म्हणतात, ते पण घालते.

खऱ्या फादरना गेल्या रविवारी टाळलं. मागच्या दाराने बाहेर पडले.

गुरुवार, २ एप्रिल

उद्या महिन्याचा पहिला शुक्रवार. फादर आजाऱ्यांना कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला घरोघर येतात. यादीत सासूबाईंचं नाव आहे. मीच दिलं होतं, हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशी. तेव्हा मनात काही नव्हतं.

अकराला येणार. शाळेत अर्धी रजा मागितलीय. मी समोर असले की सासूबाई विषय काढणार नाहीत. काढला तर? मी म्हणेन, आजारात त्यांना भास होतात.

हे वाक्य मी लिहिलं. खोडत नाही. पुढे वाचायला राहू दे.

शुक्रवार, ३ एप्रिल

रजा मिळाली नाही. सातवीच्या पेपरला सुपरव्हिजन. साडेबाराला धावत घरी.

फादर येऊन गेले होते. सासूबाई एकट्या, हातात जपमाळ, चेहरा शांत.

"आले होते फादर," म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"प्रार्थना केली. कम्युनियन दिलं. गेले."

"आणखी काही?"

"घाईत होते."

बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. वाचले!

साडेसहाला नेहमीसारखंच, "आज शाळेतून येताना फादर भेटले का? काय म्हनाले?" मी सांगितलं. आज जरा लांबवून सांगितलं, सुटल्याच्या आनंदात.

बुधवार, ८ एप्रिल

पेज वाटीभर घेतली. वर मागून घेतली! वालाचं बिरडं आणि भात, तोही खाल्ला.

फ्रँक म्हणतो, कम्युनियनचा गुण. असेल. पण प्रश्न वाढलेत. फादर उभे होते की बसलेले? हसले का? माजं नाव घेऊन म्हनाले का? मी सांगते तेव्हा डोळे मिटून ऐकतात, ओठ हलतात. मधेच, "काल तर येगळं म्हनाले होते." मी दचकते, सावरून घेते. आता आदल्या दिवशी काय सांगितलं ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवते, घोटाळा नको म्हणून. बी. ए. झालेली बाई!

रविवार, १२ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. साडेअडतीस किलो. डॉक्टर चकित.

कुमसाराला, पापं कबूल करायला, रांगेत उभी राहिले. पाच जण पुढे होते. तीन झाले तेव्हा रांग सोडली. जाळीपलीकडे आमचेच फादर बसलेले. त्यांना काय सांगू, महिनाभर तुमच्या तोंडून बोलतेय?

त्या जगल्या तर माझा गुन्हा लहान होतो का? की तेवढाच राहतो? मेल्या असत्या तर तो नुसता न्यूमोनिया म्हणून गेला असता. कोणालाही कळलं नसतं. हा विचार एकदा येऊन गेला. एकदा नाही.

शनिवार, १८ एप्रिल

दोन किलो बीफ. सकाळी मीठ, आलं-लसूण, हळद आणि व्हिनेगर लावून ठेवलं. दुपारपासून मंद गॅसवर. नळ्या वेगळ्या उकळून त्यांचाच रस वापरला. कांदा सोनेरी होईपर्यंत हलले नाही. बटाटे शेवटी टाकले, विरघळू नयेत म्हणून. फुग्यांचं, तळायच्या गोल पावांचं, पीठ आंबायला ठेवलं. उद्या सकाळी तळेन, गरम फुगे आणि स्ट्यू.

इतकं मन लावून कधी केलं नव्हतं. चमच्याने चव बघितली. चांगला झालाय. खरंच.

रविवार, १९ एप्रिल. ईस्टर

उत्तनहून फ्रँकची बहीण आणि तिची माणसं आली. नऊ ताटं. सासूबाईंना खुर्चीत बसवून टेबलाशी आणलं.

मी वाढलं आणि उभी राहिले. त्यांनी फुगा मोडला, रसात बुडवला. मांसाचा तुकडा चावायला वेळ लागला. सगळे बघत होते.

"ब्येस झालाय," म्हणाल्या. मग फ्रँककडे बघून, "तुझी बायको शिकली रे!" सगळे हसले. मला रडू आलं, आत जाऊन पुसलं. त्यांनी दोनदा घेतला. नळीसुद्धा चोखली.

लवकरच कुमसाराला जाईन. दुसऱ्या कुठल्यातरी चर्चमध्ये. मग ही वही फाडून टाकेन. माणसाने असं वर्षानुवर्षं धरून ठेवू नये. त्यांनी सोडलं, मीही सोडते.

सोमवार, २० एप्रिल

साडेसहा. वह्या नव्हत्या, सुट्टी. त्यांनी पलंगाजवळ माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली.

"त्या शुक्कीरवारी फादर म्हनाले, रोज खा, आजाऱ्याला बंदी न्हाय. तुझ्याशी बोलनंच न्हाय झालं म्हनाले." मग हसल्या. तोंडात दात नाहीत, नुसत्या हिरड्या. "फ्रँकला न्हाय सांगत मी. कोनाला न्हाय. तू बस."

बसले.

"आज काय म्हनाले?"

मी सांगितलं.