जागा दाखवायची राहिली

३ नोव्हेंबर १९५८, मालवण

सकाळी मसुऱ्याहून आले. सत्यवानमामा गाडीतळावर न्यायला आले होते. मामा घर-जमिनीचे व्यवहार जुळवतात आणि दस्त लिहितात. त्यांच्या हाताखाली शिकून मला तोच परवाना काढायचा आहे. दस्त लिहायला बाबांनी घरीच शिकवलं. आता त्यांना दिसत नाही, म्हणून घर माझ्यावर आहे. हौसाबाईंकडे माडीवरची खोली भाड्याने मिळाली. खिडकीतून माडांपलीकडे समुद्र दिसतो. हौसाबाईंनी पहिल्याच जेवणाला बांगड्याचं तिखलं वाढलं, आणि एवढी हाडकुळी पोर मोठमोठ्या घरांचे सौदे कशी करणार म्हणून हसल्या. मीही हसले. फार बरं वाटलं.

९ नोव्हेंबर

परवान्यासाठी एक व्यवहार माझ्या हातून पुरा व्हायला हवा. मग मामा शिफारस लिहितील. व्यवहार मिळालाही! बंदराच्या वाटेवरचं एक घर, मालक मुंबईला, कित्येक वर्षं कुलूप. महादू तांडेल घेणार आहेत. मी घर पाहायचं, सीमा तपासायच्या, आणि आत कोणी राहत नाही, ताबा मोकळा आहे, असं माझ्या सहीने लिहून द्यायचं.

१२ नोव्हेंबर

सीमा बरोबर आहेत. पण पुढच्या अंगणातलं खळं सारवलेलं होतं, शेण अजून ओलं. विहिरीवरचा दोरही ओला. कुलपाला इतका गंज की किल्ली फिरता फिरेना, आणि आत चुलीत निखारा. शेजारी म्हणतात, इथे कोणी फिरकत नाही. मामांना म्हटलं, कोणीतरी राहतंय, मग मी सही कशी करू? ते म्हणाले, "परवानो होयो तुका, काय हरिश्चंद्राचो अवतार घेतलंस?" मग मऊ होऊन समजावलं. जुन्या घराला न दिसणारा राखणदार असतो. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, जायला सांगायचं, आणि मग सही करायची.

१५ नोव्हेंबर

दुपारी उंबऱ्यावर नारळ ठेवला. हात जोडून सरळ सांगितलं की घर विकलं आहे, आपण इथून जावं. आत एक भांडं हललं. मग शांत. चुलीला हात लावून पाहिला, थंडगार. तेव्हाच सही केली. मामांनी शिफारस लिहिली, तांडेलांनी पेढे दिले. खोटं काही लिहावं लागलं नाही.

१८ नोव्हेंबर

कचेरीत परवान्याचा अर्ज देऊन आले तर खोली सारवलेली. हौसाबाईंना बरं वाटावं म्हणून कौतुक केलं. त्या म्हणाल्या, गुडघ्यांमुळे त्या महिनाभर माडी चढलेल्या नाहीत. कोपऱ्यात राख होती. कोमट.

२० नोव्हेंबर

अंथरूण घातलेलं असतं. उशीवर खळगा.

हौसाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "जा म्हटलंस, पण खंय जा तां सांगलंस काय गो बाय?"

नाही सांगितलं. राखणदाराला उठवताना दुसरी जागा दाखवावी लागते म्हणे. मामा ते सांगायला विसरले. मी विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर

मामा म्हणतात, दाखव कुठलंही बंद घर, मालवणात काय कमी आहेत. पण ती घरं माझी नाहीत. दुसऱ्याचं मी कसं देऊ? मसुऱ्याच्या घरात बाबा आहेत, त्यांना दिसतही नाही. तिथे तर—नाही.

२३ नोव्हेंबर

उद्या कचेरीत परवान्याची शपथ. धंद्याची जागा, म्हणजे ही खोली, माझ्या एकटीच्या ताब्यात आहे, असं म्हणायचं आहे. कशी म्हणू? आता ते माझ्या पाठीमागेच बसलं आहे. भाताचा वास—

२४, सकाळ

माझं म्हणावं असं घर नाही. जमीन नाही. शोधून शोधून एकच सापडलं, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

नारळ मांडीवर ठेवला. जागा दाखवली. छातीवर हात ठेवून.

खोली लगेच मोकळी झाली. राख नाही. वास नाही. शपथ आता खरी—

हात ऊन लागतो. अक्षर माझ्यासारखं वळत नाही—

बरी जागा आहे. ऊब आहे.

पण आत आधीच कोणी राहतं. एक हाडकुळी पोर. रडते. तिला सांगितलं, ऊठ, आता जा इथून. ती विचारते कुठे—