बंद लिहिलेली फांदी

मंगळवार, ता. १४, दुपार

बारक्यास ताईचा आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. चौथीत शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे, लावून वाच. आम्ही बरे आहोत असं आधी लिहायचं असतं, तर बरे आहोत. गळका नळ दुरुस्त केला. पॅकिंगच्या कामावर मी परत जात नाही.

बर्फाच्या कारखान्यातलं जुनं यंत्र तू नव्या कॉम्प्युटरला जोडत होतास, तेव्हा जेवायला आमच्याकडेच असायचास; त्या यंत्रावर पाळी तुझ्या भावोजींचीच. हातातला घास हातात, डोळे स्क्रीनवर. मी म्हटलं, एवढं काय बडवतोस? तू म्हणालास, "ताई, ही जुनी कार्डं मुकी आहेत. नवी आपलं नाव आपणच सांगतात. जुन्या बसवर, म्हणजे कार्डं जोडायच्या पट्टीवर, कोण कुठल्या पत्त्यावर बसलंय, ते मला लिहून द्यावं लागतं. नाहीतर कर्नलला ती दिसतच नाहीत."

"कर्नल? फौजेतला का?"

दोघं किती हसलात. तुझ्या भावोजींना ठसका लागला. कर्नल म्हणजे म्हणे कॉम्प्युटरच्या आतला मुकादम. मग तू कागदावर झाड काढलंस. दर फांदीला एक कार्ड, त्याचा पत्ता, त्याला चालवणारा ड्रायव्हर. म्हणे डिव्हाइस ट्री, हेच फाईलमध्ये लिहायचं.

बर्फ करायचा अमोनिया गॅस सुटल्यावर भोंगा वाजवणारं कार्ड लावलं की सगळं यंत्र अडकून बसायचं. साहेब डोक्यावर बसलेले. तू त्या फांदीपुढे 'बंद' लिहिलंस. म्हणालास, यंत्र सुरू तर होऊ दे, मग उघडतो.

"विसरशील हं लेका," भावोजी म्हणाले.

"तुम्ही आहात ना आठवण करायला."

विसरलात दोघंही. कार्ड जागेवर होतं, तार होती, भोंगा भिंतीवर होता. कर्नलला त्याचा पत्ताच नव्हता. गॅस पॅकिंगच्या खोलीत शिरला आणि माझ्या शेजारी खोकी बांधणारी माझी मैत्रीण तिथंच पडली, ती उठलीच नाही. हे व्हॉल्व्ह बंद करायला आत गेले. इथपर्यंत तुला माहीत आहे.

पुढचं माहीत नाही. दवाखान्यात चौकशीवाले आले तेव्हा हे म्हणाले, "भोंगा वाजला होता. मला डुलकी लागली होती." मी तोंड उघडणार तर माझा हात दाबला. नंतर म्हणतात, "पोराचं सगळं आयुष्य पडलंय पुढं." चौकशी मिटली. मैत्रिणीची आई आमच्या दारात थुंकून गेली. मी फडकं घेतलं, पुसलं.

हे परवा गेले, बारक्या. निरोप पाठवला होता. पोचवायला तू आला नाहीस.

ते होते तोवर त्यांचा शब्द पाळला. आता नाही पाळणार. तूच मिरवत होतास ना, हीच फाईल आणखी कारखान्यांत बसवली, पुन्हा लिहायचे कष्ट वाचले? मग तिथंही ती फांदी बंदच असेल. दोष झोपेवर गेला, आता भोंग्याकडे बघतंय कोण? तिथं कुणी बाई आत्ता डबा घेऊन पाळीला निघाली असेल. काल साहेबांना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुःखात आहात, आराम करा."

मला त्या फाईलमधलं एक अक्षर कळत नाही. माझं ऐकणार कोण? तुझं ऐकतील. आधी त्या कारखान्यांना फोन कर, यंत्रं थांबवायला सांग. मग माझ्याबरोबर चौकशीवाल्यांकडे चल. नोकरी जाईल. तुरुंगही होईल कदाचित. भेटायला मी येईन, शिव्या घालायला का होईना. पण माझ्या माणसाच्या नावावर ती झोप राहू द्यायची नाही.

हे तुझ्याच जिन्यावर बसून लिहिलंय. आत पंखा चालू आहे, ऐकू येतोय. कागद दाराखालून सरकवते. फोन झाले की चपला घालून बाहेर ये. नाही आलास तर एकटी जाईन, पण मग या जिन्यावर पुन्हा चढणार नाही.

दाराबाहेर आहे,
तुझी ताई