बारदानाच्या जाळीतला गोल

सर,

तुमच्या मागे आपल्या विभागीय क्रीडा महोत्सवात पुष्कळ सुधारणा झाल्या, त्यांतली एक म्हणजे स्मरणिका. यंदा तिच्यात महोत्सवातल्या फुटबॉलचा इतिहास मी लिहायचा आहे. मीच का, तर मी संस्कृत शिकवतो, म्हणजे जुनं ते सगळं मला ठाऊक असणार, अशी आयोजकांची समजूत. ‘एका पानात बसवा,’ असं बजावलंय. आता तुम्हाला एका पानात बसवायचं म्हणजे पंचाईतच. तुम्ही कॉलेजच्या खुर्चीत तरी कधी नीट बसलात?

आरंभी फुटबॉल हा महोत्सवातला पाहुणाच होता. कबड्डी आणि खो-खो घरचे. त्यांची मैदानं आधी आखायची, उरल्या जागेत ह्याने पाय पसरायचे. दोन बांबू रोवायचे, वर सुतळी बांधायची, झाला गोल. मागे जाळी नाही. चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर दर वेळी वाद, आणि निकाल ज्यांचे प्रेक्षक जास्त त्यांच्या बाजूने. पहिल्याच वर्षी खेळापेक्षा हाणामारी जास्त वेळ चालली, आणि समितीने खेळच बंद करायचं ठरवलं. तुम्ही त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिलात. ‘एक वर्ष द्या. गोलावरून एक जरी भांडण झालं, तं मीच बांबू उपटतो.’ ते एक वर्ष मिळालं, आणि त्या वर्षी यजमान होतं आपलं हिंगणघाट.

खरी जाळी कुठे मिळते हे कुणालाच माहीत नव्हतं. पण कापसाच्या गाठी गुंडाळायचं बारदान आपल्या गावात काय कमी? एका जिनिंगमधून तुम्ही ते मागून आणलंत. मला अजून तुमचं अंगण दिसतं: काकू मोठी सुई घेऊन बसल्या आहेत, तुम्ही बारदान ताणून धरलंय, आणि काकू मला सांगतात, ‘माह्या घरचे पडदे फाटून राह्यले दोन वर्षांपासून, अन् याईच्या गोलाले शिवण!’ तुम्ही म्हणता, ‘पडद्यावर भांडणं होत नाई ना.’ काकू म्हणतात, ‘आज होतीन.’

त्या जाळीतून पलीकडचं काहीही दिसत नसे. पण चेंडू आत गेला की धप्पकन आवाज येई, आणि हळूहळू पंच, खेळाडू, प्रेक्षक सगळे त्या आवाजावरच विसंबू लागले. चेंडू गोलकडे निघाला की मैदान चिडीचूप. इतकं एकाग्र श्रवण मी पाठशाळेतही पाहिलेलं नाही. धप्प झालं की शिट्टी, शिट्टी झाली की गोल. अंतिम सामन्यापर्यंत एकही भांडण नाही. मी तेव्हा एम.ए.ला होतो आणि माइक माझ्या हाती होता. ‘कंदुक मध्यरेषा ओलांडून वेगाने मार्गस्थ’ असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही मैदानातून ओरडलात, ‘अबे पंडित, कंदुक काय कंदुक! लोकाईले वाटंल खायची वस्तू हाय. बॉल म्हणजो!’

अंतिम सामना आपला आणि नागपूरकरांचा. शेवटची काही मिनिटं, गोल कुणाचाच नाही. आपल्या पोरांनी कोपऱ्यातून चेंडू उचलला, गोलपुढे खेळाडूंची झुंबड उडाली, चेंडू कुठे गेला कुणालाच दिसलं नाही, आणि धप्प! शिट्टी वाजली. सगळं गाव मैदानात नाचतंय, मी माइकवर जयजयकार करतोय, नागपूरचे खेळाडू पंचांच्या अंगावर धावून चाललेत. आणि तुम्ही संथ पावलांनी गोलमागे जाताय. वाकून पाहताय. सकाळी मैदानावर पाणी मारलं होतं, चेंडूला काळी माती चिकटली होती. तिचा गोल ओला डाग बारदानाच्या बाहेरच्या अंगाला उमटलेला होता. तुम्ही पंचांना हाताला धरून आणलंत आणि तो दाखवलात.

आपला कप्तान रडकुंडीला आला. ‘सर, पंचानं देल्ला गोल, तुमी काऊन बोलून राह्यले?’

‘त्याईले दिसलं नाई. मले दिसलं.’

‘आपून जिंकलो असतो ना!’

‘आज हा गोल घेतला, तं उद्यापासून इथं फुटबॉलच नाई. मंग कोणाले हरवशीन, खो-खोवाल्याईले?’

गोल रद्द झाला. पुढच्याच चढाईत नागपूरकरांनी खरा गोल केला, आतल्या बाजूने, निर्विवाद. आपण हरलो, फुटबॉल राहिला. समितीने बंदीचा शब्द पुन्हा काढला नाही. गावाने मात्र खूप काढले. चौकातला चहावाला तुमच्याकडे पाठ करून दुसऱ्यांना चहा देई, आणि तुम्ही शांतपणे म्हणत, ‘पाठीमागूनच दे, पण गरम दे.’ तुम्हाला राग कसा येत नसे, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता तुमच्या तेव्हाच्या वयाचा होऊनही कळत नाही.

आता लोखंडी खांब आहेत, नायलॉनची जाळी आहे. समुद्रपूरच्या आणि सिंदीच्या मुली बुटांच्या नाड्या बांधत मैदानाच्या कडेला बसतात आणि पंचांशी तावातावाने बोलतात. त्यांना वाटतं, हा खेळ इथे पहिल्यापासूनच आहे. वाटू दे. तुम्हाला तेच हवं होतं.

पान लिहून झालंय. विजेत्यांत आपलं नाव कुठेच नाही, तरी निम्मं पान त्या एका सामन्याचंच झालंय; छाटा म्हणाले तर छाटणार नाही. हे मात्र कुठे पाठवायचं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. सामन्याचा निकाल मी पानात अचूक लिहिला आहे, तुम्ही ठरवलात तसा. पण सर, डाग तुमच्यामागे उभं राहून मीही पाहिला होता, बाहेरचाच होता, आणि तरीसुद्धा मनातल्या मनात तो गोल मी अजून धरतो.