दत्तोपंतांची इंधनवीट

धार, ६ जानेवारी १९०९.
ठरलं. कारकुनी फक्त मार्चपर्यंत. तोवर इंधनविटेचं यंत्र तयार. वर लाकडी स्क्रू, खाली साचा, आत कपाशीच्या काड्यांचा भुगा नि शेण. दाबलं की वीट! देवासच्या जिनिंग फॅक्टरीच्या सेठांना ड्रॉइंगसकट पत्र टाकलं. बॉयलरला दुसरं काही लागणारच नाही.

खंडोजी सुताराने स्क्रूचं माप दोनदा विचारलं. दोनदा का? ह्याला नक्की कोणीतरी फितवलंय.

९ जानेवारी.
खंडोजीला मुद्दाम चुकीचं माप दिलं. बस म्हणावं आता चोरत.

१७ जानेवारी. सकाळी ८.
स्क्रू साच्यात जाईना. खंडोजीचं काम कच्चंच. वर म्हणतो, पंत, माप तुमचंच आहे. दुरुस्तीला घरी घेऊन गेला. दुरुस्तीला म्हणे!

२५ जानेवारी.
खंडोजीने स्क्रू बसवून दिला. पहिली वीट निघाली. डोळे भरून आले हो! पाटावर ठेवली, तर भुगा. पाटाजवळ कोण होतं? कुटुंब. म्हणते, मी हात नाही लावला, आणि गोवऱ्या आम्ही उन्हात वाळवतो, तुम्हीही वाळवा. बायकी उपाय. उद्यापासून घरात विषय बंद.

३ फेब्रुवारी.
देवासहून उत्तर. हिंदीत. अंगाची लाही झाली. ‘आपकी चेष्टा सराहनीय है। सोमवार को यंत्र लेकर पधारिए, सब हिस्सेदार आपकी चेष्टा देखेंगे।’ माझी चेष्टा, तीही हिस्सेदार जमवून! आणि हे निर्लज्जपणे लेखी कळवतात. खंडोजीनेच कान भरले असणार.

हिंदीतच ठणकावलं: ‘मैंने जन्म में कभी चेष्टा नहीं की, आगे भी नहीं करूँगा।’ खाली झोकदार सही.

६ फेब्रुवारी.
खंडोजीने विचारलं, पंत, तुम्ही जात नाही तर यंत्र घेऊन मी जाऊ का? म्हटलं, जा, घे चेष्टा करून. मनातल्या मनात खूप हसलो.

१२ फेब्रुवारी.
ऑफिसात मानाजींना सेठांचं पत्र दाखवलं. ते इथलेच, हिंदी शाळेत शिकलेले. खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. म्हणाले, अहो पंत, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!

खंडोजी अजून देवासहून परतलेला नाही. त्याच्या घरून कळलं, त्याने विटा उन्हात वाळवून नेल्या होत्या. सेठांनी त्याला यंत्रासकट ठेवून घेतलं. फार वाईट वाटलं.

घरी सगळं सांगितलं. मी सेठांना काय लिहिलं, तेही अर्थासकट वाचून दाखवलं. वाटलं, ही तरी हळहळेल. गोवऱ्या थापता थापता म्हणाली, मग खोटं काय लिहिलंत?