कोळंबीला उपाशी ठेवण्याबाबत

तीर्थस्वरूप भावोजी,

तुम्हाला आणि तुमच्या नव्या गुडघ्याला धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (जुना गुडघा आमच्या चांगला ओळखीचा होता. तो जिन्यात वाजला की घरात चहाचं आधण पडायचं. नव्याशी अजून भेट नाही आणि तो वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, पण तुमचा म्हटल्यावर मान द्यायलाच हवा.) इकडे सगळे ठीक आहेत. आईचा रक्तदाब तिच्या स्वभावावर गेलाय, म्हणजे डॉक्टर सांगतील त्याच्या उलट वागतो. सौ.च्या पाठीत उसण भरली होती, ती कशी भरली ते पुढे येईलच. मुलगी दंतवैद्याकडे स्वागताला बसते आणि घरी आल्यावर आमच्याशीही "जरा थांबा, आत पेशंट आहे" अशाच सुरात बोलते. माझं चष्म्याचं दुकान चालू आहे. लोकांना दिसेनासं होतंय तोवर आपल्याला चिंता नाही.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा वाकायला लागला, भाची नीट काळजी घेते, जावई पण शांत आहे, हे मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळी मात्र मी गाळल्या. त्या आईने पत्र हातात घेऊन, माझ्याच दुकानातला चष्मा लावून वाचल्या. "मी आता इकडेच राहीन म्हणतो. माशांची टाकी टाकीवाल्याला देऊन टाका, उगीच तुमच्या गळ्यात नको." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. ओळी तुम्ही लिहिल्या, पण हाताशी मी आहे.

त्या ओळींना उत्तर द्यायचंच आहे. पण टाकी द्यायची की ठेवायची हे ठरवण्याआधी तिची खरी हकिगत तुम्हाला कळायला हवी. दर रविवारी फोनवर तुम्ही "ती कशी आहे?" असं विचारता आणि मी "मजेत" म्हणतो. ती म्हणजे टाकीतलं ताईचं जिवंत पोवळं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक असतं. ताईने अंगठ्याएवढं आणून दगडावर बसवलेलं आणि आता ताटाएवढं झालेलं. ताई गेल्यापासून तुम्ही रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचात. तर भावोजी, मधले बरेच रविवार ती मजेत नव्हती.

झालं असं की तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे गेल्यावर टाकी जरा ओकीबोकी वाटायला लागली. (खरं म्हणजे खुर्ची ओकीबोकी वाटत होती, पण खुर्चीत घालायला दुकानात काही मिळत नाही.) म्हणून मी टाकीवाल्याकडून एक छानसा दगड आणला. त्या दगडावर एक इवलंसं, काचेसारखं, तपकिरी फूल होतं. पाण्यात नुसतं डोलायचं. आम्ही सगळे खूश. आईने तर त्याचं नाव 'गुणाचं' ठेवलं, कारण ते कुणाला त्रास न देता एका जागी बसून होतं. सौ. त्याला चिमटीने माशांचा खाऊ भरवायची आणि ते सगळ्या पाकळ्या मिटून तो आत ओढून घ्यायचं. पाहुण्याला जेवण आवडलं की आमच्या घरात कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही त्याला वाढतच राहिलो.

ते फूल नव्हतं. ते समुद्रफूल नावाचं जनावर होतं, आणि टाकीतल्या तणात त्याची गणना होते. त्याच्या पाकळ्यांना विष असतं. खाऊन पिऊन ते दणकट झालं आणि पिल्लं टाकत सुटलं. तुमच्या पंपावर, मागच्या काचेवर, आणि शेवटी ताईच्या पोवळ्याच्या कडेला. जिथे त्याचा स्पर्श व्हायचा तिथे पोवळं आक्रसून पांढरं पडायचं. इथे मी पुढे झालो. आयुष्यभर चष्म्याचे स्क्रू चिमट्याने उचलले आहेत, हे काय मोठंसं, असं म्हणून मी एकेक समुद्रफूल चिमट्याने उपटून काढलं. चार दिवस टाकी चकचकीत. मग उपटताना जे जे तुकडे पाण्यात सुटले होते त्या प्रत्येकाचं एक एक नवं फूल उगवलं. टाकीवाल्याला जाऊन सांगितलं. म्हणाला, "उपटलंत? म्हणजे तुम्ही लावणी केलीत."

उपाय त्यानेच सांगितला. औषध घालू नका, औषधाने पोवळंही जाईल. ह्या समुद्रफुलांना खाणारे जीव असतात, ते सोडा. आणि त्याने लाल रेघांच्या नाजूक कोळंब्या दिल्या. (घरी कोळंबी येणार हे ऐकून समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी, आम्ही कितीला येऊ, असं विचारलं. समजूत घालावी लागली.) अट एकच होती. ह्या कोळंब्यांना दुसरं काहीही खायला मिळता कामा नये. पोट भरलेली कोळंबी समुद्रफुलाकडे ढुंकूनही बघत नाही. माशांना अगदी मोजकं टाका, कोळंब्यांना उपाशी ठेवा, मग बघा.

भावोजी, ही अट आपल्या घरात कशी पाळली जाईल, हे त्या माणसाला काय ठाऊक? आठवडे गेले. समुद्रफुलं जोमात, आणि कोळंब्या दिवसेंदिवस गुबगुबीत. पुढे पुढे त्या दगडावर रेलून बसायला लागल्या. समुद्रफुलाशेजारून जाताना थोडं अंग चोरायच्या, एवढाच काय तो त्यांचा संबंध. मग एक दिवस खाऊचा डबा रिकामा निघाला आणि मी सगळ्यांना समोर बसवलं. मुलगी म्हणाली, कामाला जाताना त्या काचेशी येऊन मिशा हलवतात, तसंच कसं जायचं, म्हणून ती एक चिमूट टाकायची. सौ. स्वयंपाक करताना टाकायची, कारण आपण फोडणी द्यायची आणि त्यांनी नुसतं बघायचं हे तिला बरं वाटेना. आईने तर लपवलंच नाही. म्हणाली, "घरी बोलावून आणायचं आणि उपाशी ठेवून कामाला जुंपायचं, ही कुठली रीत? आधी पोटभर खाऊ दे, मग करतील सावकाश." (मीही दुकानातून आल्यावर एखादा दाणा टाकत असे. पण हात स्वच्छ धुऊन.)

मग आला फुलपाखरू मासा. पिवळे पट्टे, लांब चोच, आणि एकूण तोरा असा की त्याच्यापुढे आपणच उगीच टाकीबाहेर आहोत असं वाटावं. हा म्हणे समुद्रफुलं वेचून वेचून खातो. आणि खायचा, खोटं कशाला बोलू. मागच्या काचेवरची त्याने दोन दिवसांत फस्त केली. सौ.ने त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं ठरवलं, म्हणजे त्याला भरवायचा मोह होणार नाही. पण तिसऱ्या दिवशी आई आतून ओरडली, "अरे, तो तिला खातोय." तो ताईच्या पोवळ्यापाशी उभा राहून चोचीने एकेक टिपत होता. समुद्रफूल आणि पोवळं ह्यातला फरक त्याच्या मते आमचा घरगुती प्रश्न होता.

त्याला पकडायची वेळ शत्रूवरही येऊ नये. इतके दगड, इतक्या फटी, आणि तो पाठीकडूनही आम्हाला बघत असणार. मी कोपरापर्यंत पाण्यात, मुलगी जाळी धरून, सौ. स्टुलावर उभी राहून वरून दिशा सांगते आहे, आणि आई "पोवळ्याला धक्का नको, पोवळ्याला धक्का नको" असं जप केल्यासारखं म्हणते आहे. फरशीवर इतकं खारं पाणी सांडलं की खालच्या मजल्यावरचे वर आले, आणि आल्यासरशी बादली धरून उभे राहिले. शेवटी सौ.ने स्टुलावरून अशी काही झेप घेतली की मासा जाळीत आणि तिची पाठ कामातून. (हीच ती उसण.) मासा टाकीवाल्याकडे परत गेला. पिशवीतून जाताना त्याने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी पोवळं पूर्ण मिटलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. तिसऱ्याही नाही. भावोजी, तेव्हा मात्र मला खरंच घाबरायला झालं. ताईच्या आजारपणातही मी असाच तुमच्यामागे उभा असायचो आणि मला काही करता यायचं नाही. आई खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि जेवायलाही उठेना. तो रविवार होता. तुम्ही फोन केलात आणि मी मजेत म्हणालो.

टाकीवाल्याने शेवटचा उपाय म्हणून समुद्री गोगलगायी दिल्या. नखाएवढ्या, अंगभर झुलीसारखे धागे, मवाळ जीव. त्यांची खासियत अशी की त्या फक्त ही समुद्रफुलंच खातात. दुसरं काहीही नाही, कुणीही कितीही आग्रह केला तरी नाही. हे ऐकून मी निर्धास्त झालो, कारण आमच्या घराला शोभेल असा भक्षक हाच होता. फक्त आधी कोळंब्यांना हलवावं लागलं, कारण त्या गोगलगायींना खातात. (समुद्रफुलं खात नाहीत, ती खाणाऱ्यांना खातात. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात.) त्या आता टाकीखालच्या छोट्या टाकीत पेन्शनीत आहेत, दोन वेळचं जेवण चुकत नाही.

गोगलगायी सोडल्या आणि त्या दिसेनाशाच झाल्या. कित्येक दिवस काहीच नाही. त्या अंधारातच बाहेर पडतात म्हणून मुलगी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी पडदे ओढून लाल टॉर्च घेऊन शोधायची, मी दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग आणलं, आणि आम्ही आळीपाळीने काचेला नाक लावून बसायचो. मग पंपावरची फुलं विरळ झाली. मग दगडावरची. आणि एका सकाळी मी दाढी करत असताना आईने हाक मारली, नुसती माझ्या नावाने, रागावल्यावर मारते तशी नव्हे. पोवळं उघडलं होतं. कडेचा तुकडा पांढराच आहे, तो परत येईल असं टाकीवाला म्हणतो, पण बाकी सगळं उघडून हलत होतं. आम्ही तिघंही कामाला उशिरा निघालो. आई मला "चहा घे" म्हणाली, म्हणजे ती तेव्हा माझ्याशी बोलत होती. तुमचं पत्र त्यानंतरच्या आठवड्यात आलं.

तर अशी हकिगत. आता ती खरंच मजेत आहे. रोज दुपारी गुडघ्याचे व्यायाम करा, भाचीला आशीर्वाद, जावयाला नमस्कार, आणि काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने घ्या.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : तुमचा निरोप मी टाकीवाल्याला पोचवला. तो टाकी, मासे आणि दगड न्यायला तयार आहे. पोवळं मात्र दोन दगडांवर पसरलंय, सुटं करायचं तर कापावं लागेल. हे घरात सांगायची माझी छाती नाही. तुम्हीच सांगा.

आणखी एक : गोगलगायींनी सगळी समुद्रफुलं संपवली, त्यामुळे त्यांना आता खायला काही नाही. हे आईला कळलं. परिणामी सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बरण्यांमधून समुद्रफुलांची रीतसर लागवड चालू आहे आणि सौ. त्यांना चिमटीने भरवते आहे. दिवसा आम्ही तिघं बाहेर, आई सगळ्यांना जास्त वाढते, बरणीचं पाणी खराब होतं, आणि मिठाचं माप माझ्या हाताने कधीच बरोबर पडत नाही. त्याला तुमच्यासारखा, जन्मभर दवाखान्यात औषधं मोजून दिलेला माणूसच हवा. जिन्याला भिंतीकडूनही कठडा बसवून घेतलाय. तुमच्या खोलीतली माझी चष्म्यांची खोकी काढली. भाचीशी बोललो. ती म्हणाली, "मामा, बाबा इथे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. आम्हाला ओझं नको म्हणतात आणि तुम्हालाही नको म्हणतात. तू ये आणि ने." शनिवारचं तिकीट काढलं आहे.

शेवटचं : आईने वरचं सगळं वाचलं. म्हणाली, गोगलगायी आणि कठडे काय लिहीत बसलायस, मी सांगते तसं लिही. लिहितो : "लेक गेली, तेव्हा आमच्या कुणाच्याच हातात काही नव्हतं. तुम्ही जाताय ते तुमच्या हातात आहे. या."