सासरेबुवांनी माझं कौतुक केलं

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. शुक्रवारी वॉर्ड इनचार्जच्या पोस्टचा इंटरव्ह्यू आहे. निवड माझीच होणार, मेट्रनना फक्त ते अजून माहीत नाही. नर्सिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय, तर प्रायॉरिटी. कोणाकडे आधी धावायचं ते कळायला हवं. बायकोही नर्सच, आयसीयूत, पण तिला हे कळत नाही. काल गॅसवर दूध उतू गेलं, ही फोनवर! (दूध मी ठेवलं होतं. पण लक्ष कोणीतरी ठेवायला नको?)

४ मार्च
काल सासरेबुवांचं पोटाचं ऑपरेशन झालं. आता माझ्याच वॉर्डात, पाच नंबर बेडवर. नशीब काढलं म्हाताऱ्याने. डोळे उघडताच विचारतात, सलाईन लावता येणारं दुसरं कोणी नाही का? मग उशी वाकडी, पडदा वाकडा, मी वाकडा. रिटायर्ड शाळा तपासनीस. कोणाची चूक काढल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. लग्नापासून हेच ऐकतोय.
शेजारच्या स्पेशल रूममध्ये हॉस्पिटलच्या ट्रस्टींचे मेहुणे. पायाच्या अंगठ्याचं नख काढलंय. बेल सारखी वाजते. माझा सिद्धांत साधा आहे : ज्याची बेल जास्त, त्याचं दुखणं जास्त. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

५ मार्च, सकाळ
आश्चर्य! सासरेबुवा चक्क गप्प. चहाला नावं ठेवली नाहीत. सलाईन बदलली तरी हूं की चूं नाही. उशिरा का होईना, जावयाची किंमत कळली. पल्स जरा पळतेय, पण आनंद झाला की पळतेच. हात गारगार. पंखा कमी केला. किती बारीक लक्ष असतं माझं!
श्वास मोजायला वेळ नव्हता, चार्टवर अठरा लिहिले. सगळे अठराच लिहितात. श्वास चालू होता, हे मी स्वतः पाहिलं. मेहुण्यांची उशी मात्र तीनदा बदलली. त्यांनी माझं नाव विचारून घेतलं.

५ मार्च, दुपार
ऐतिहासिक दिवस. सासरेबुवांनी डोळे किलकिले केले, माझा हात धरला आणि पुटपुटले, तुमच्यासारखा हुशार जावई मिळायला भाग्य लागतं. लगेच हिला फोन लावला. म्हटलं, ऐक आता. शब्दन् शब्द ऐकवला. ही किंचाळलीच, बाबांनी तुझं कौतुक केलं? अरे देवा! श्वास मोज त्यांचे, बीपी बघ, मी आलेच.
जळते, दुसरं काय.
बीपीचं मशीन घ्यायला निघालोच होतो, तेवढ्यात मेहुण्यांची बेल. पाण्यात बर्फ जास्त झाला होता. गेलो.

५ मार्च, संध्याकाळ
ही धावत आली ती थेट पाच नंबरला. छातीवर हात ठेवून, घड्याळाकडे बघत श्वास मोजले. चौतीस. बीपी तळाला. पोट फुगून दगड झालेलं. सर्जनना बोलावलं, सासरेबुवा पुन्हा थिएटरमध्ये. आतल्या आत रक्त वाहत होतं. सर्जन म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर...
मी हिला म्हटलं, बघ, मी फोन केला म्हणून कळलं तरी. तिने चार्टवरच्या माझ्या अठरावर बोट ठेवलं. भांडली असती तर परवडलं असतं. मेहुण्यांची बेल वाजत होती. मला उठवेना.

६ मार्च
सासरेबुवा आयसीयूत. अजून शुद्ध नाही.
मेट्रननी बोलावलं. म्हणाल्या, एक पेशंट ओरडतोय आणि एक कायम ओरडणारा अचानक गप्प झालाय, आधी कोणाकडे जाल? म्हटलं, मॅडम, हा तर सोपा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला विचारला.
संकल्प : यापुढे श्वास मोजायचे. पूर्ण मिनिट. सराव म्हणून हिचे मोजायला गेलो. म्हणाली, माझे अठराच लिही.

७ मार्च, शुक्रवार
इंटरव्ह्यूला कोणी बोलावलं नाही. पुढे ढकलला असावा. तसाही मी सकाळपासून आयसीयूच्या दारातच होतो.
दुपारी सासरेबुवांनी डोळे उघडले. भान तपासायला डॉक्टरांनी नाव विचारलं. बरोबर सांगितलं. कुठे आहात? तेही बरोबर. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?
सासरेबुवा बघतच राहिले. माझा जीव टांगणीला. पुन्हा हुशार म्हणाले तर?
म्हणाले, गाढव. जावई आहे आमचा. उशी वाकडी ठेवलीय बघा.
ही ढसाढसा रडायला लागली. मीही. डॉक्टर म्हणाले, पूर्ण भानावर आहेत.
उशी सरळ केली. मग हातात घड्याळ घेऊन श्वास मोजले. अठरा. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजले.