सत्तावीस तारखेचे पाहुणे

वरोरा,
मंडईच्या आधीचा रविवार

आदरणीय वामनमामा,

सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? गिरजामामींकडून समजले, की तो विहिरीवर जाताना दुखतो, दळण आणताना दुखतो, मात्र नाट्यमंडळाच्या बैठकीला जाताना मुळीच दुखत नाही. हे सुधारणेचे लक्षण मानून मी निश्चिंत झालो आहे. मामींचा खोकला, धानाची मळणी आणि नवी म्हैस यांच्याविषयी सवडीने कळवावे. इकडे मी, माझा ग्राफिक डिझाइनचा वर्ग आणि वर्गातील तीन चालू व एक बंद संगणक असे सर्व जण खुशाल आहोत. तुमचे व्याही लटारूजी यांचा विषय माझ्यापुढे काढायचा नाही, ही तुमची वर्षभराची ताकीद मला स्मरते. म्हणून तो विषय मी येथेच, काढण्याच्या आधीच, बंद करतो.

आता एक कोडे. ते तुमच्याही लक्षात आले असेल. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे जेवतात आणि रात्रभर नाटक चालते. (हे मी तुम्हाला सांगावे असे नाही, परंतु क्रमाने सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हे तुम्ही माझ्या लहानपणापासून सोसत आला आहात.) त्या नाटकांची पोस्टरे चिमूरच्या बसस्थानकापासून गावच्या पानठेल्यापर्यंत लागतात. आपण ती रोज पाहतो. घरी आल्यावर कोणी विचारले, की काय पाहिले, तर आपण झटकन सांगतो: गॉगल लावलेला एक, कानाला मोबाइल लावलेला एक (हा गृहस्थ पोस्टरातून कोणाशी बोलत असतो, हे आजवर उघड झालेले नाही) आणि मधोमध हात जोडलेले अध्यक्ष. नाटक कोणते आणि कोणत्या तारखेला, हे मात्र सांगता येत नाही. वास्तविक अख्खे पोस्टर छापले जाते ते या दोनच गोष्टींसाठी. मग जे सांगायचे, नेमके तेच का दिसत नाही?

उत्तर सोपे आहे. डोळा हा अतिशय आळशी अवयव आहे. तो प्रथम सर्वांत मोठ्या गोष्टीकडे जातो, मग माणसाच्या चेहऱ्याकडे, मग ठळक आकड्याकडे. एवढे केल्यावर तो दमतो आणि चहाची टपरी शोधू लागतो. म्हणून सांगण्याची गोष्ट त्याच्या दमण्याआधी त्याच्या वाटेत ठेवावी लागते.

याचे एक जिवंत उदाहरण माझ्या संग्रही आहे. नावे सांगत नाही. गेल्या वर्षी एका नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी एका कुटुंबाला मंडईचे आमंत्रण म्हणून मोबाइलवर पोस्टरच पाठवले आणि खाली लिहिले, "सारं पोस्टरात हाये, याच लागते." पोस्टरात खरोखरच सारे होते. मध्यभागी अध्यक्ष होते. त्यांच्या दोन्ही अंगांना सतरा सदस्य होते. अध्यक्षांच्या खांद्याशी सोनेरी वर्तुळात, परातीएवढा, २७ हा आकडा होता, कारण मंडळाचे ते सत्ताविसावे वर्ष होते. आणि अगदी तळाशी, हिरव्या पट्टीवर लाल अक्षरांत, मुंगीलाही वाकून वाचावे लागेल अशा आकारात, नाटकाची तारीख होती: पंचवीस. त्या कुटुंबाने काय वाचले असेल? कोणीही वाचेल तेच. नवे कपडे घालून, भाड्याची गाडी करून, गुळाच्या करंज्यांचा डबा घेऊन ते सत्तावीस तारखेला हजर झाले. मंडई उठून दोन दिवस झाले होते. घराला कुलूप होते, कारण यजमान दुसऱ्या गावच्या मंडईला गेले होते. शेजारणीने त्यांना थकीत वीजबिलवाले समजून स्वतःचेही दार लावून घेतले. आणि कुलपाच्या बरोबर वर, भिंतीवरच्या पोस्टरातून, यजमान हात जोडून सहर्ष स्वागत करीत होते. कुटुंबप्रमुखांनी एकदा कुलपाकडे पाहिले, एकदा पोस्टराकडे पाहिले आणि ते म्हणाले, "पाहा बाप्पा! घरी नाई, पण हात जोडून हाये!" करंज्या त्यांनी परतीच्या वाटेवर रागाने खाल्ल्या. यजमान समजले, पाहुणे गर्वाने आलेच नाहीत. पाहुणे समजले, यजमानांनी मुद्दाम कुलूप घातले. तेव्हापासून दोन्ही घरे एकमेकांच्या फोनची वाट पाहत बसली आहेत, आणि दोन्ही घरांच्या मध्ये एक सून आहे, जिला कोणत्याही बाजूला तोंड उघडता येत नाही.

तेव्हा मामा, ग्राफिक डिझाइन म्हणजे फुलापानांची सजावट नव्हे. पाहुणे आणि जेवण यांना एकाच दिवशी एका ताटावर आणण्याचे ते शास्त्र आहे.

हे शास्त्र मी ज्या वर्गात शिकवतो, तेथे सर्व प्रकारची मुले एकाच बाकावर बसतात. हे बोलायला फार सुंदर वाटते. करताना माझी तारांबळ उडते. निकेशला अंधुक दिसते. तो नाक संगणकाच्या पडद्याला टेकवून काम करतो, म्हणून वर्गातील प्रत्येक कामाचा शेवटचा परीक्षक तोच. त्याला मागच्या बाकावरून वाचता आले, तर ते धावत्या एसटीतून कोणालाही वाचता येते, हा आमचा नियम. दिव्यानीला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते आणि खुणांनी बोलते. मी फळ्याकडे तोंड करून अर्धा तास रंगांविषयी समजावत असे, तेव्हा माझे ओठ फक्त फळ्याला दिसत. आता मी वर्गाकडे तोंड करून, थोडके बोलून, पुष्कळ दाखवून शिकवतो, आणि ऐकू येणाऱ्या मुलांनाही प्रथमच समजू लागले आहे. शिवाय दिव्यानीजवळ एक अधिकार आहे, जो इतर कोणत्याही विद्यार्थ्याजवळ नाही: ती डोळे मिटते, आणि माझे व्याख्यान तिच्यापुरते समाप्त होते.

खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला त्याची खूण देतात. तुमच्या फोटोवरून तिने तुमची खूण ठरवली आहे: बोट मिशीवरून फिरवायचे आणि दोन्ही हात जोडायचे. माझी खूण अशी, की एका हाताने बडबडणारे तोंड करायचे आणि दुसऱ्या हाताने मनगटावरचे घड्याळ दाखवायचे. मी तिला म्हटले, ही खूण जरा लांब आहे. तिने मोबाइलवर लिहून दाखवले, "तुमीबी तसेच आहा, सर."

या मुलीचे भवितव्य या आठवड्यात पणाला लागले आहे. वर्गाबरोबरच ती येथील छपाईच्या एका दुकानात लागली आहे. तेथे तिच्याकडून ओळखपत्रांवर प्लास्टिक चढवून घेतात. डिझाइनला हात लावू देत नाहीत, कारण गिऱ्हाइकाशी फोनवर बोलावे लागते. म्हणून मी तिला घेऊन वडशाला नाटक कंपनीचे मालक हरिदासभाऊ यांच्याकडे गेलो. मी त्यांना समावेशक शिक्षणाची मूलतत्त्वे क्रमाने समजावू लागलो. तिसऱ्या तत्त्वापाशी त्यांनी हात वर केला. "मास्तर, थांबा. मुकी पोट्टी नाटकाचा पोस्टर कशी बनवन? तिनं नाटक आयकलं त पायजे ना!" (ती मुकी नाही, बहिरी आहे; तिचे बोलणे समजायला समोरच्याला डोळे लागतात, एवढेच. हे माझे चौथे तत्त्व होते.) दिव्यानीने त्यांचे ओठ वाचले आणि माझे तत्त्व सुरू होण्याआधी मोबाइल त्यांच्यापुढे धरला: "पोस्टरबी कुठी बोलते जी? त्याले त पाहाच लागते." हरिदासभाऊ इतके हसले, की त्यांच्या हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाली पडला. मग त्यांनी अट घातली. तिने एका गावचे पोस्टर करावे, त्या गावच्या मंडळाने ते जसेच्या तसे मान्य करावे, आणि प्रेक्षक योग्य तारखेला यावेत. तसे झाले, तर साऱ्या हंगामाची पोस्टरे तिला, आणि प्रत्येक पोस्टराच्या कोपऱ्यात तिचे नाव. नाही झाले, तर प्लास्टिक आहेच. आणि पहिले गाव कोणते, तर हंगामातील त्यांचे पहिले नाटक जेथे आहे ते. म्हणजे मामा, तुमचे.

तुमच्या मंडळाचे चिटणीस सुकलूभाऊ यांना दिव्यानीचा पहिला आराखडा पाठवला. त्यात पडदा, नाटकाचे नाव आणि तारीख होती. माणूस एकही नव्हता. सुकलूभाऊंचा फोन आला. "काऊन बे धम्मदीप, आमी सारे मेलो का?" मी त्यांना डोळ्याच्या आळसाविषयी विस्ताराने लिहून पाठवले. उत्तरादाखल सदस्यांचे फोटो आले. एक गॉगलसह होता, एक बैलजोडीसह होता, आणि एकाच्या खांद्यावर त्याच्या साळ्याचा हात होता (साळा कापलेला होता, हात राहिला होता). मी हताश झालो. दिव्यानी मात्र फोटो न्याहाळत राहिली आणि मग तिने सुकलूभाऊंकडून दुसरीच मागणी केली: सर्वांचे पाठीमागून काढलेले फोटो. तुम्हाला आठवत असेल, सुकलूभाऊ बैठकीत सर्वांच्या मागे उगाच मोबाइल घेऊन फिरत होते. तुम्ही त्यांना "बस ना बे एका जागी" असेही म्हणालात.

आता पोस्टर असे झाले आहे. वरच्या दोन तृतीयांशात उजळलेला पडदा, त्यावर नाटकाचे नाव आणि त्याहून मोठी तारीख, पिवळ्यावर काळी. निकेशने ती मागच्या बाकावरून वाचली, वर चष्मा काढूनही वाचली. आणि तळाशी जमिनीवर बसलेले प्रेक्षक, पाठमोरे. तेच तुमचे सदस्य. कोणाचा फेटा, कोणाचे कान, कोणाच्या मानेवरचा मस. प्रत्येकाने स्वतःला ओळखले. सुकलूभाऊ तर आपले टक्कल पाहून सद्गदित झाले, म्हणाले, "मले मालूमच नोहतं, एवढं गोल हाये!" चेहरा कोणाचाच दिसत नाही, म्हणून भांडण नाही, आणि डोळा सरळ तारखेवर जातो. मंडळाची संमती झाली. फक्त अध्यक्षांची राहिली आहे. ती बुधवारपर्यंत, हरिदासभाऊ छपाईला टाकण्यापूर्वी, यावी.

बाकी विशेष नाही. हे पत्र केवळ गुडघ्याच्या चौकशीसाठी होते. मामींना माझा जयभीम आणि म्हशीच्या पाठीवर एक थाप.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा) भाचा,
धम्मदीप

ता. क. १: एक किरकोळ बाब लिहायची राहिली. पोस्टरात तुम्हीही पाठमोरे आहात. हात जोडलेला फोटो नाही. मात्र सर्व जण सतरंजीवर आहेत आणि खुर्चीवर तुम्ही एकटेच, खांद्यावर शाल, अगदी पुढे. सुकलूभाऊ म्हणाले, "अध्यक्षाले तूच सांग, मी नाई सांगत." म्हणून हे सारे पत्र.

ता. क. २: ते उदाहरणातले कुटुंब लटारूजींचे होते. मला तुमच्या लेकीने, सरिताताईने, सांगितले. तिच्या सासऱ्यांनी तिला, आणि तुम्ही मला, तो विषय काढायला मनाई केल्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचायला मंडई पुन्हा यावी लागली. दोष तुमचा नाही आणि त्यांचाही नाही. दोष त्या सोनेरी वर्तुळाचा आहे. दिव्यानीला मी ही हकिकत खुणांनी सांगितली (मिशी, जोडलेले हात, कुलूप), तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग तिने पोस्टरात तुमच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची काढली. ती रिकामी आहे. भाड्याने खुर्च्या देणारे बिछायत केंद्रवाले खुर्चीच्या पाठीवर आपले नाव रंगवतात ना, तसे तिच्यावर तिने "व्याही" असे रंगवले आहे. गावातला प्रत्येक जण समजेल, ती आपल्याच व्याह्यांसाठी आहे. तुम्ही काय समजायचे, ते तुम्ही ठरवा.

ता. क. ३: माझ्यावर विश्वास ठेवू नका; स्वतः चाचणी घ्या. नव्या पोस्टराची एक नमुना-प्रत सुकलूभाऊ उद्या सकाळी तुमच्या भिंतीला लावतील. गेल्या वर्षीचे मामींनी सरपणावर झाकले आहे, ते काढून त्याच्या शेजारी टांगा. रस्ता ओलांडून हातपंपापाशी उभे राहा आणि रात्रभर नाटक पाहून आल्यासारखे डोळे अर्धे मिटा. बारीकसारीक सारे विरघळून जाईल. जे उरेल, तेवढेच लोक घरी घेऊन जातात. तारीख उरली, तर हरिदासभाऊंना फोनवर एकच शब्द सांगा, "छापा", आणि मग तोच फोन लटारूजींना लावा. मिशी उरली, तर तुम्ही चुकीच्या पोस्टराकडे पाहत आहात. जरा बाजूला बघा.